रजिस्ट्री म्हणजे बाळंतविड्याची यादीच की

परवा सिएटलहून मित्राचा फोन, वहिनीला सातवा लागलाय. आधी अर्धा तास इकडचं तिकडचं, मग हळूच म्हणाला, "अरे तुम्ही ती बेबी रजिस्ट्री केलेली ना, तिची लिंक टाक की, मी तशीच्या तशी उचलतो." म्हटलं उचलू नकोस लेका, आम्ही घातलेला गोंधळ पण उचलशील त्याच्याबरोबर. थांब, लिहूनच काढतो. कारण हा वर्षभरातला तिसरा फोन आहे आणि तेच तेच सांगून माझं मलाच पाठ झालंय.

मुळात आमची रजिस्ट्री होणारच नव्हती. ऑफिसात एकीने विचारलं, कुठे रजिस्टर केलंय तुम्ही, आणि मी अगदी आत्मविश्वासाने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. मग कळलं की इथे न्यू जर्सीत लोक बेबी शॉवरच्या आधी दुकानाच्या साइटवर यादी करून ठेवतात, पाहुणे त्यातलं एकेक विकत घेतात, घेतलं की ते यादीतून कटाप. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. आई सांगलीत. "म्हणजे लोकांना यादी द्यायची? हे आणा, ते आणा? लाज नाही वाटत?" आणि श्वास न घेता लगेच दुसरं, "आणि बाळ यायच्या आधी कशाला काय घ्यायचं, आपल्यात घेत नाहीत."

दोन्ही मुद्दे मलाही पटलेलेच होते खरं तर. पण मग मी सहज विचारलं की ताईच्या वेळी बाळंतविडा केलेलास त्यात काय काय होतं गं? झालं, गाडी सुटली. झबली, टोपडी, कुंची, जुन्या धुवट साड्यांची दुपटी, लंगोट दोन डझन, गोधडी, वेखंड, घुटीचं सामान आणि सहाण, वाळे, बिंदल्या, चांदीची वाटी, ताईसाठी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, कानाला बांधायला स्कार्फ. आणि कोणी काय दिलं तेही पाठ, वाळे मामाने, कुंची आत्याने, पाळणा शेजारच्या काकूंचा, त्यात आम्ही सगळेच झोपलेलो. मी म्हटलं मग हे ठरलेलंच होतं ना कोण काय देणार? तर म्हणे ठरवायचं काय त्यात, सगळ्यांना माहीत असतं.

हेच तर आहे ना. तिथे सगळ्यांना माहीत असतं. इथे कुणालाच काही माहीत नसतं. माझ्या ऑफिसातल्या माणसाला हे माहीत नाही की आमच्याकडे कपड्यांची रास येणार आहे पण थर्मामीटर नाहीये. त्याला खरंच काहीतरी द्यायचंय, तीस-चाळीस डॉलर त्याने मनात बाजूला काढलेत, आणि आपण "अरे कशाला, काही नको" केलं की तो बिचारा दुकानात जातो आणि गोड दिसतं म्हणून बूट घेऊन येतो. आमच्याकडे नऊ जोड आले. नवजात बाळाला. नऊ. ते का आले तर आम्ही रजिस्ट्री केली खरी, पण लाजून त्यात अकराच वस्तू टाकल्या आणि त्या पहिल्या चार दिवसांत संपल्या, पुढच्या लोकांनी मग आपापल्या अकलेने घेतलं. तेव्हा लाजू नका, माणसं चाळीस येणार असतील तर वस्तू साठ-सत्तर टाका, आणि किमती वरखाली ठेवा, पंधरा डॉलरचं पण असू दे आणि तीनशेचं पण. महागाच्या वस्तूला बहुतेक साइटवर वर्गणीची सोय असते, चार जण मिळून घेतात. आमचं कारसीट बायकोच्या टीमने असंच घेतलं.

"आधी घेत नाहीत" ह्याचं उत्तर तर रजिस्ट्रीतच आहे. यादी करणं म्हणजे घेणं नव्हे. आईला हे वकिली वाटलं पण चाललं. ज्या वस्तू आल्या त्या आम्ही खोके न फोडता गॅरेजमध्ये लावून ठेवल्या, पाळणा बांधला नाही, कपडे मांडले नाहीत. (ह्याचा फायदा पण आहे, न फोडलेला खोका परत करता येतो, मोठ्या दुकानांत रजिस्ट्रीच्या वस्तूंना साधारण वर्षभर मुदत मिळते.) फक्त एक गोष्ट आधी फोडायलाच लागते, ती म्हणजे कारसीट.

कारसीटवर जरा थांबतो. आपल्याकडे बाळ आईच्या मांडीवर बसून घरी येतं. इथे कारसीटशिवाय गाडीतून नेताच येत नाही, आणि बऱ्याच हॉस्पिटलांत तर डिस्चार्जच्या वेळी नर्स विचारते, बघते. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, मागच्या सीटवर. आमचं जानेवारीत झालं, बाहेर बर्फ, आणि मी सगळी तयारी केलेली, कापसासारखा फुगीर स्नोसूट घातला, बाळ वर बसवलं आणि पट्टे काही लागेनात. नर्स म्हणाली आधी हा काढा. फुगीर कोटावरून पट्टे घट्ट वाटतात पण आत हवाच असते, धक्का बसला की ती दबते आणि पट्टे ढिले पडतात. तर पातळ कपडे, पट्टे घट्ट, खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरता आली नाही पाहिजे, छातीवरचं क्लिप काखेच्या रेषेत, आणि मग वरून पांघरूण. आईने पाठवलेली गोधडी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली, पट्ट्यांच्या वरून, गळ्यापर्यंत. पार्किंगमध्ये माझे हात थंडीने नाही, भीतीने कापत होते.

दोन महिने आधीच ते गाडीत बसवा आणि कुणा जाणकाराकडून तपासून घ्या. सर्टिफाइड टेक्निशियन असतात, कित्येक ठिकाणी पोलीस स्टेशनात किंवा फायर स्टेशनात तपासून देतात, बहुतेक फुकट. मी इंजिनियर आहे, मला वाटलं मला येतं. त्याने एका हाताने हलवलं तर दोन इंच सरकलं. बेसच्या जवळ धरून हलवल्यावर एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आणि जुनं कारसीट अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे. त्याला एक्स्पायरी असते, मागे किंवा खाली स्टिकरवर छापलेली, आणि ते अपघातातून गेलंय का हे बघून कळत नाही.

आता झोपायचं प्रकरण. इथे आपल्या बाळंतविड्याची आणि इथल्या डॉक्टरांची सरळ टक्कर आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं एकदम साधं आहे, बाळ पाठीवर, कडक आणि सपाट गादीवर, वर फक्त ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही. उशी नाही, रजई नाही, लोड नाही, सॉफ्ट टॉय नाही. आपल्याच खोलीत पण आपल्या पलंगावर नाही. पाठीवर झोपवायची मोहीम इथे १९९४ ला सुरू झाली आणि त्यानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप खाली आलं, त्यामुळे ह्या विषयावर डॉक्टर चेष्टा ऐकून घेत नाहीत. २०२२ मध्ये तर कायदाच झाला, पाळण्याच्या कडेला लावायचे ते फुगीर बंपर आणि बाळाला झोपवायच्या दहा अंशांपेक्षा जास्त तिरक्या बैठका (स्लीपर) विकायलाच बंदी. तरी ते जुन्या सामानात, गराज सेलमध्ये सापडतात, आणि प्रेमाने कुणीतरी देतं. घेऊ नका. दिलंच तर हसून घ्या आणि वापरू नका.

आणि आमच्याकडे आई येताना काय घेऊन आली? मोहरीची उशी. डोकं गोल व्हावं म्हणून. निळ्या फुलांच्या कापडाची, हातशिलाईची, सांगलीच्या मोहरीने भरलेली, हातात घेतली की सळसळ वाजणारी. मला ती बघून पोटात कालवलं, कारण तिने ती दुपारच्या झोपा मोडून शिवलेली. पण डोक्याला आकार द्यायच्या उशा वापरू नका असं एफडीएने, म्हणजे इथल्या अन्न-औषध खात्याने, २०२२ मध्येच सांगितलंय, आणि डॉक्टरीणबाईंनी पण सरळ नाही म्हटलं. त्या म्हणाल्या जागं असताना पोटावर खेळवा, झोपवताना डोक्याची दिशा आलटून पालटून ठेवा, आपोआप होतं. झालं पण. उशी कुठे गेली विचाराल तर बायको पाजायला बसली की कोपराखाली, सहा महिने. तिच्या मते घरातली सगळ्यात कामाची वस्तू तीच होती, रजिस्ट्रीतल्या साठ डॉलरच्या फीडिंग पिलोपेक्षा. आणि गोधड्या पाळण्यात चालत नाहीत पण जमिनीवर पसरून पोटावर खेळवायला त्यांच्यासारखं काही नाही. तेव्हा आईला-सासूबाईंना गोधडी नको म्हणू नका. वापर बदला.

तर यादीत झोपेसाठी इतकंच लिहा: एक बॅसिनेट म्हणजे छोटा पाळणा, किंवा थेट क्रिब म्हणजे कठड्याचा मोठा पाळणा (बॅसिनेट चार-सहा महिन्यांत सुटतं, जागा असेल तर क्रिबच घ्या), दोन-तीन फिटेड चादरी, एक वॉटरप्रूफ कव्हर, आणि पांघरुणाऐवजी अंगात घालायच्या झोपेच्या पिशव्या, त्यांना स्लीप सॅक म्हणतात, त्या चार. गुंडाळायला स्वॅडल घ्या पण बाळ कुशीवर वळायला बघायला लागलं की ते बंद करायचं, म्हणून डझनभर नको.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही, ते न सांगता येतात. फक्त न्यूबॉर्न साइज दोन-चारच घ्या आणि पुढचे साइज मोजताना ऋतू मोजा. जुलैत सहा महिन्यांचं होणाऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या मापाचा लोकरी सूट काय कामाचा. झिपवाले घ्या. बटणवाले गोड दिसतात, पहाटे तीनला अंधारात अकरा बटणं लावून शेवटी एक उरतं तेव्हा कळतं.

डायपर. सुरुवातीला दिवसाला आठ ते बारा लागतात, म्हणजे महिन्याला तीनशे धरून चाला, म्हणून सगळे न्यूबॉर्न साइजचे खोकेच्या खोके आणतात. पण तो साइज दहा पौंडांपर्यंतच असतो, कित्येक बाळं महिन्या-दीड महिन्यात तो ओलांडतात. रजिस्ट्रीत न्यूबॉर्नचं एक, मग नंबर एक आणि दोन जास्त लिहा, आणि एकाच ब्रँडची थप्पी लावू नका, पुरळ आलं तर अडकाल. लंगोट आम्ही पण आणलेले, दिवसा थोडा वेळ वापरले, बाकी बाळाची शी-शू पुसायला आणि खांद्यावर टाकायला त्यांच्याइतकं मऊ काही नाही.

ब्रेस्ट पंप, म्हणजे आईचं दूध काढायचं यंत्र, रजिस्ट्रीत टाकू नका! हे मोठ्याने सांगतोय कारण फोन केलेल्या तिघांपैकी दोघांनी टाकलेला. अफोर्डेबल केअर ॲक्ट ह्या इथल्या आरोग्य विम्याच्या कायद्यामुळे बहुतेक इन्शुरन्सना पंप द्यावाच लागतो, आधी फोन करून विचारा कुठल्या कंपनीचा आणि कधी पाठवणार. बाटल्या वेगवेगळ्या तीन-चार ब्रँडच्या एकेकच लिहा. आमच्या चिरंजीवांनी आठ बाटल्यांचा महागडा सेट थुंकून टाकला आणि ऑफिसातल्या मावशींनी सहज आणलेली साधी बाटली घेतली.

आता माझी खरी चूक सांगतो. मी सहा आठवडे स्ट्रोलरवर घालवले. शीट केलेली, चाकांचे व्यास, वजन, घडी एका हाताने होते का, सगळं. बायको म्हणायची अरे गाडी घेतानासुद्धा एवढं केलं नव्हतंस. जानेवारीचं बाळ, तो स्ट्रोलर एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये उभा होता. आणि घरी आलो त्या पहिल्या रात्री बायको बाथरूममधून हाक मारते, तिला बसता येत नाहीये, टाके, पाण्याची ती पिचकारीची बाटली हॉस्पिटलातच राहिली, मोठे पॅड संपले, आणि आमच्या सामानाच्या ऐंशी ओळींच्या शीटमध्ये तिच्यासाठी एक, एकसुद्धा ओळ नव्हती. रात्री अकराला बर्फातून फार्मसी शोधत फिरलो. त्या गाडीत मला आईचा बाळंतविडा आठवला, त्यात ताईच्याही वस्तू होत्या. लाडू, अळीव, शेपा, स्कार्फ. ह्या बाबतीत आपली यादी इथल्या यादीच्या पुढे आहे, बिनधास्त म्हणतो.

म्हणून आता सगळ्यांना सांगतो, पहिल्या दहा ओळी बाळाच्या आईच्या. पेरी बॉटल (तीच पिचकारीची बाटली), मोठे पॅड, थंड शेकाचे पॅक, सिट्झ बाथचं म्हणजे कोमट पाण्यात बसून शेकायचं टब, पाजायला सोयीचे सैल कपडे, स्तनाग्रांना लावायचं लॅनोलिनचं मलम, मोठी पाण्याची बाटली नळीवाली. शी मऊ व्हायचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवा. लोकांना द्यायला लाज वाटेल असं वाटतं ना, आमच्या दुसऱ्या वेळी हे सगळ्यात आधी संपलं, आणि घेणाऱ्या सगळ्या स्वतः बाळंतपण काढलेल्या बायका होत्या.

आणि डबे. मैत्रिणींना, मंडळातल्या काकूंना सरळ सांगा की वस्तू नको, डबा द्या, आणि वार लावून घ्या. सोमवार कुणाचा, गुरुवार कुणाचा. मेथीची भाजी, भाकरी, मऊ भात, तूप. आम्ही दुसऱ्या वेळी रजिस्ट्रीत "डबा, १० वेळा" अशी ओळच घातली, किंमत शून्य. साइटवर ती जमते की नाही ते तुमच्या साइटवर बघा. सगळ्या दुकानांचं एकाच यादीत गोळा करणाऱ्या साइट असतात त्यांच्यावर मदत मागायच्या अशा ओळी घालता येतात.

आई किंवा सासूबाई बाळंतपणाला येणार असतील तर त्यांची आणि तुमची यादी समोरासमोर ठेवून बोला, म्हणजे दोन बॅगांचं वजन वाया जात नाही. डिंक, अळीव, खारीक इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत मिळतात, ते सांगलीहून उचलून आणायची गरज नाही. धुवट साड्यांची दुपटी मात्र जगात कुठे विकत मिळत नाहीत, ती आणा म्हणावं. काजळ नको, त्यात शिसं सापडतं म्हणून एफडीए इथे ते येऊच देत नाही, तीट लावायची हौस असेल तर एकदा फोटोपुरतं बुक्क्यावर भागवा, तेही तळपायाला. घुटीत मध अजिबात नको, वर्षाच्या आत मध चाटवला तर बोट्युलिझम ह्या विषबाधेचा धोका असतो, हे भारतातले डॉक्टर पण सांगतात, फक्त त्यांचं आजी ऐकत नाही. आमच्याकडे घुटीवरून दोन दिवस अबोला झाला होता. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब रोज पाजायचं खातं आईकडे दिलं, चांदीच्या वाटीत ड्रॉपर ठेवून ती ते इतक्या शिस्तीत करायची, आमच्याकडे असतं तर आम्ही दोघं कधीच विसरलो असतो.

थर्मामीटर साधं डिजिटल लिहाच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप आला की घरी काढे करत बसायचं नाही, लगेच डॉक्टर. नाकातला शेंबूड ओढायचं ते तोंडाने ओढायचं यंत्र बघून शिसारी येते, पहिल्या सर्दीला देव वाटतं. वाइप गरम करायचं मशीन, बाळाचे परफ्युम, हात-पाय-मान सगळ्यांचे वेगळे लोशन, हे नको.

किरकोळ पण विसरू नका असं: रजिस्ट्री बऱ्याचदा नावाने शोधली की कुणालाही दिसते, सेटिंगमध्ये जाऊन पत्ता आणि तारीख लपवा. खोक्यात एक छोटं रजिस्ट्रेशनचं पोस्टकार्ड येतं, जाहिरात समजून फेकू नका, ते भरलं तर वस्तू रिकॉल झाल्यावर कंपनी तुम्हाला कळवते. बाळंतपणाच्या तारखेच्या आधी काही आठवडे उरलेल्या वस्तूंवर मोठी दुकानं साधारण पंधरा टक्के सूट देतात, म्हणून जे तुम्ही स्वतःच घेणार आहात तेसुद्धा यादीत टाकून ठेवा आणि त्या सवलतीत उचला. आणि कोणी काय दिलं ते त्याच दिवशी लिहा. आईला पंधरा वर्षांनी पण कुंची आत्याची हे आठवतं, मला तीन आठवड्यांनी बाथटब कुणाचा ते आठवेना, मी चुकीच्या माणसाला थँक्यू पाठवलं आणि त्याने ते मुकाट घेतलं पण.

तर सिएटलकर, तुझ्यासाठी. बॅसिनेट देतो, बाथटब देतो, फ्लीसची तीन पांघरुणं देतो (जमिनीवर!). कारसीट पण देईन, आपल्या गाडीला अपघात झालेला नाही हे तुला माहीत आहे, पण मागचं स्टिकर आधी तू स्वतः वाच आणि मगच हो म्हण. मोहरीची उशी वहिनीसाठी, कोपराखाली. बुटांचे नऊच्या नऊ जोड कोरे आहेत, ते तुला घ्यावेच लागतील.